बंदराची पाठ

वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर आलेला पाहुणा हमखास समुद्राकडे तोंड करून उभा राहतो. त्यात त्याची चूक नाही. समोर अरबी समुद्र आहे, टेकडीवर दीपगृह आहे, बाजूला मांडवीची खाडी समुद्राला मिळते आणि नांगरलेल्या होड्या लाटांवर डुलत असतात. पण या गावाचं पोट गेली चारशे वर्षं कशावर चाललं, हे समजून घ्यायचं असेल तर समुद्राकडे पाठ करावी आणि पूर्वेला बघावं. तिकडे माडांच्या आणि काजूच्या पलीकडे सह्याद्रीची रांग आहे, रांगेच्या पलीकडे बेळगाव आणि देश. समुद्र हे बंदराचं तोंड. पण तोंडात घास पडायचा तो पाठीमागच्या मुलुखातून.

आज वेंगुर्ल्याची वस्ती बारा हजारांच्या घरात आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. एवढ्याशा गावात डचांची वखार, गोऱ्या पलटणींची आठवण सांगणारा ‘कॅम्प’ नावाचा भाग, मुंबईशी नातं सांगणारं क्रॉफर्ड मार्केट आणि आंबा-काजूच्या नव्या जाती तयार करणारं संशोधन केंद्र हे सगळं एकत्र कसं आलं, याची गोष्ट म्हणजे किनाऱ्यावरच्या छोट्या गावाचं अर्थकारण कसं चालतं याची गोष्ट आहे.

पाणी, तांदूळ आणि वखार

सतराव्या शतकात हा किनारा विजापूरच्या आदिलशाहीत होता आणि दक्षिणेला हाकेच्या अंतरावर पोर्तुगीजांचा गोवा होता. मसाल्याच्या व्यापारात पोर्तुगीजांना हटवू पाहणाऱ्या डच ईस्ट इंडिया कंपनीनं गोव्याची नाकेबंदी करायचं ठरवलं. पावसाळा सोडून वर्षाचे आठ महिने डच जहाजं गोव्यातल्या मांडवी-जुवारी नद्यांच्या तोंडाशी ठाण मांडून बसत. आता जहाजावर तोफा कितीही असल्या तरी खलाशांना रोज पाणी लागतं, तांदूळ लागतो, जळण लागतं. ते आणायचं कुठून? गोव्याच्या जवळ, पण पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर, गोड पाणी असलेलं आणि नांगर टाकायला सोयीचं ठिकाण म्हणजे वेंगुर्ले. 1637 च्या सुमारास डचांनी इथं ठाणं केलं आणि पुढं दगडी वखार बांधली.

हिऱ्यांचा फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए त्याच शतकात इथून गेला. त्याच्या प्रवासवर्णनात वेंगुर्ल्याचा उल्लेख येतो तो शिधा भरून घेण्याची चांगली जागा म्हणून. इथल्या पाण्याचं आणि तांदळाचं त्याला कौतुक होतं. इथल्या बाजारात मिळणाऱ्या वेलचीचंही. ही वेलची समुद्रकाठच्या वाळूत पिकत नाही, ती घाटातली. म्हणजे तेव्हाही गावाच्या कमाईची एक बाजू समुद्राकडे होती आणि दुसरी डोंगराकडे.

आज त्या वखारीच्या भिंती झाडांच्या मुळांनी जागोजाग धरून ठेवल्या आहेत, छप्पर कधीच गेलं आहे. गावात ‘डच वखार’ म्हटलं की कुणीही वाट दाखवतं. वखार हा शब्द आपण लाकडाच्या वखारीमुळे हलका करून टाकला आहे. मुळात ती माल साठवायची, वजन करायची, प्रत लावायची आणि पुढं पाठवायची जागा. वेंगुर्ल्याचा धंदा एका शब्दात सांगायचा तर हाच शब्द पुरेसा आहे. दुसरीकडून आलेला माल इथं उतरायचा, निवडला जायचा, भरला जायचा आणि तिसरीकडे रवाना व्हायचा.

अशा गावावर सगळ्यांचा डोळा असतो. सतराव्या शतकात विजापूरकर, मराठे, मोगल आणि डच या सगळ्यांच्या ओढाताणीत वेंगुर्ल्यानं लूट आणि जाळपोळ दोन्ही सोसली. शतकाच्या शेवटी गाव सावंतवाडीच्या खेम सावंतांच्या हातात गेलं. 1812 मध्ये किनाऱ्यावरच्या चाचेगिरीचं कारण पुढं करून इंग्रजांनी ते सावंतवाडीकरांकडून आपल्याकडे घेतलं.

घाटाचा रस्ता

इंग्रजांना वेंगुर्ले हवं होतं ते बेळगावसाठी. बेळगावला त्यांची मोठी छावणी झाली, आणि मुंबईहून तिथं पलटणी, दारूगोळा आणि रसद पाठवायची सोपी वाट म्हणजे मुंबईहून वेंगुर्ल्यापर्यंत जहाज आणि तिथून घाट चढून बेळगाव. आधी हा रस्ता रामघाटातून होता. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून तांडे चढायचे-उतरायचे. बैलाच्या पाठीवर माल जातो तेव्हा तो थोडाच जातो, आणि महागही पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबोलीच्या बाजूनं, म्हणजे पारपोली घाटातून, गाडीरस्ता झाला आणि चित्र पालटलं. देशावरचा कापूस, गूळ, तंबाखू, धान्य घेऊन गाड्या उतरू लागल्या. उलट बाजूनं मीठ, नारळ, सुकी मासळी, कापड आणि विलायती सामान वर चढू लागलं.

बंदराचं यश लोक बंदरातल्या पाण्याच्या खोलीवर मोजतात. वेंगुर्ल्याची खोली कधीच मोठी नव्हती. आगबोटी दूर उभ्या राहत आणि माल व माणसं पडावातून, होडक्यातून किनाऱ्याला आणावी लागत. तरी बंदर भरभराटीला आलं, कारण गाडीरस्ता खोल मुलुखात जात होता. गाडीवान, हमाल, तांडेल, अडते, पेढीवाले, खानावळवाले अशी साखळी त्या रस्त्यावर उभी राहिली. गावाला नगरपालिका मिळाली ती याच काळात. समुद्रात खडकांवर आणि किनाऱ्यावर दिवे उभे राहिले, तेही याच काळात.

मग रेल्वे आली, पण ती वेंगुर्ल्याला आली नाही. 1880 च्या दशकाच्या अखेरीस मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंत गोव्यातून लोहमार्ग झाला आणि तो पुढं दक्षिण मराठा रेल्वेला जोडला गेला. बेळगाव-धारवाडचा कापूस आता घाट उतरून वेंगुर्ल्याला येण्याऐवजी डब्यात बसून थेट मुरगावच्या गोदीत जाऊ लागला. वेंगुर्ल्याचा समुद्र होता तिथंच होता. धक्का होता, दिवा होता, वखारीच्या भिंती होत्या. गेली होती ती पाठ. एका पिढीच्या आत बंदराचा मोठा व्यापार आटला.

मनीऑर्डरीचं गाव

व्यापार आटला की गावात माणसं उरतात आणि काम उरत नाही. कोकणातल्या इतर गावांसारखंच वेंगुर्ल्यानंही माणसं मुंबईला पाठवली. गिरण्यांत, गोदीत, छापखान्यांत, घरगड्याच्या कामात, जिथं मिळेल तिथं. पूर्वी बंदरातून वेलची आणि कापूस जायचा, आता चाकरमानी जाऊ लागला. त्याच्या बदल्यात दर महिन्याला पोस्टातून मनीऑर्डर यायची. गौरी-गणपतीला तो स्वतः यायचा. आगबोटीच्या दिवसांत बोट लागली की धक्क्यावर जी गर्दी व्हायची, ती त्या काळातल्या या गावाच्या मुख्य उत्पन्नाचीच गर्दी होती.

या पैशावर गावात काय काय चालायचं, हे बघण्यासारखं आहे. हिवाळा सुरू झाला की गावोगाव जत्रा सुरू होतात. रात्रभर दशावतार होतो. पेट्रोमॅक्सच्या दिवसांपासून आजच्या दिव्यांपर्यंत दशावतारी मंडळ्यांचा हंगाम त्याच महिन्यांचा राहिला आहे. खाजेवाले, खेळणीवाले, फुलवाल्या बायका एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत फिरतात. तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला नवस फेडायला भलीमोठी चामड्याची पायताणं आणि केळ्यांचे घड वाहतात. देव रात्री गावात गस्त घालतो, म्हणून त्याची पायताणं झिजतात, अशी श्रद्धा आहे. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा, पण त्या पायताणांवर चर्मकाराचं आणि घडांवर केळीवाल्याचं घर चाललं आहे, हे खरं. याच आरवलीचे जयवंत दळवी पुढं मराठीतले मोठे कथाकार झाले. शेजारच्या शिरोड्याला वि. स. खांडेकर 1920 पासून 1938 पर्यंत शाळामास्तर होते.

शिरोड्याची मिठागरंही याच अर्थकारणाचा भाग. खाडीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हानं आटवायचं आणि खड्यांचं मीठ गोळा करायचं. हा धंदा ऊन आणि भरती-ओहोटी यांच्या भरवशावर चालतो. 1930 मध्ये इथंच मिठाचा सत्याग्रह झाला. मिठावरचा कर ही इतर ठिकाणी राष्ट्रीय अन्यायाची खूण होती. इथल्या मिठागरातल्या मजुराला मात्र तो रोजच्या मजुरीत जाणवणारा हिशेब होता.

परदेशी झाड

रेल्वेनं जे नेलं ते गावाला परत मिळालं नाही. त्याची भरपाई अगदी वेगळ्या वाटेनं झाली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून काजूचं झाड गोव्यात आणलं. ‘काजू’ हा शब्दही पोर्तुगीजांच्या ‘काजु’वरूनच आला आणि त्यांनी तो ब्राझीलच्या तुपी लोकांकडून उचलला होता. डोंगरउतारावरच्या ज्या जांभ्या जमिनीत दुसरं काही तग धरत नाही, तिथं हे झाड आनंदानं वाढतं. वेंगुर्ले-सावंतवाडीच्या वरकस जमिनीला ते जणू सासरी येऊन माहेरपण मिळाल्यासारखं मानवलं.

पण शेकडो वर्षं काजू हा जंगलातल्या रानमेव्यासारखाच होता. बी पडायची, रुजायची आणि नशिबात असेल तसं झाड व्हायचं. एकाचं बी टपोरं, शेजारच्याचं चिमुकलं. हे बदललं ते वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रामुळे. 1957 मध्ये सुरू झालेलं हे केंद्र आज डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा भाग आहे. इथल्या शास्त्रज्ञांनी गावोगावची झाडं तपासली, चांगली निवडली आणि कलमं केली. ‘वेंगुर्ला-1’ ही जात तालुक्यातल्याच अणसूर गावातल्या झाडाच्या निवडीतून आली. ‘वेंगुर्ला-4’चा एक पालक शेजारच्या वेतोऱ्याचा आणि दुसरा बंगालमधल्या मेदिनीपूरचा. ‘वेंगुर्ला-7’च्या घडणीत तमिळनाडूतल्या वाणाचा हात आहे. देशी झाडाची बी साधारण चार-पाच ग्रॅमची असते. ‘वेंगुर्ला-4’ची बी पावणेआठ ग्रॅमच्या आसपास जाते, तर ‘वेंगुर्ला-7’ची दहा ग्रॅमपर्यंत. किलोभर ‘सात नंबर’ मोजले तर शंभराच्या आसपास बिया भरतात. याच केंद्रानं आंब्यातही नीलम आणि हापूस यांचा संकर करून 1981 मध्ये ‘रत्ना’ दिला आणि 1992 मध्ये बारीक कोयीचा ‘सिंधू’.

नुसती जात काढून भागत नाही, ती लावायला शेतकऱ्याकडे पैसा लागतो. 1990 च्या सुमारास महाराष्ट्र सरकारनं रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवडीला शंभर टक्के अनुदान दिलं. खड्डा खणायची मजुरी, कलम, खत हे सगळं त्यात होतं. चाकरमान्यांच्या ओसाड पडलेल्या जमिनींवर तेव्हा कलमं उभी राहिली. चारशे वर्षांपूर्वी वेंगुर्ल्याच्या पाठीला बेळगावचा मुलूख होता. आता घरामागची टेकडीच त्याची पाठ झाली.

कारखान्यातली निवड

फेब्रुवारी-मार्चमध्ये ओले काजू बाजारात येतात. बायका ते सुरीनं चिरून गर काढतात आणि विकतात. त्या गराच्या उसळीसाठी मुंबईकर जीव टाकतात. पुढं मेपर्यंत सुक्या बियांचा हंगाम. बी विकत घेणाऱ्या कारखान्यात काय होतं, ते पाहिलं की काजू महाग का, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आधी बिया वाळवून साठवतात. मग त्यांना वाफ देतात, म्हणजे कवच नरम आणि ठिसूळ होतं. रात्रभर निवल्यावर त्या एकेक करून हातापायानं चालणाऱ्या कटरवर फोडतात. काजूच्या कवचात जो डिंकासारखा काळपट चीक असतो, तो हाताची साल काढतो. म्हणून फोडणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल चोळून बसतात. कवचातून निघालेलं तेल वाया जात नाही. रंग, राळ आणि ब्रेकचे पट्टे बनवण्यासाठी ते वापरतात, आणि पूर्वी होडीच्या लाकडाला लावायलाही वापरायचे. फोडलेला गर गरम हवेच्या कपाटात वाळवतात. मग त्याची पातळ लालसर साल हातानं सोलतात. चार किलो बियांतून साधारण किलोभर गर हाती लागतो.

आणि मग निवड. अख्खा पांढरा गर वेगळा, भाजल्यासारखा दिसणारा वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा, कणी वेगळी. अख्ख्या गराचेही नंबर असतात. 180, 210, 240, 320. हा आकडा म्हणजे एका पौंडात किती गर बसतात ते. आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि भाव चढा. एक गर तुटला की तो एका क्षणात ‘पाकळी’ होतो आणि किलोमागे त्याची किंमत घसरते. त्यामुळे कारखान्यात सगळ्यात किमती वस्तू यंत्र नाही, हात आहे. तो हात बहुतेक ठिकाणी बाईचा असतो. आसपासच्या वाड्यांवरच्या असंख्य घरांत हंगामी शेतीखेरीज वर्षभर येणारी रोकड याच हातानं आणली आहे. ‘वेंगुर्ला काजू’ला भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यात या निवडणाऱ्या हातांचा उल्लेख कुठं होत नाही.

बोंडूचं काय?

काजूची बी झाडाला लटकते ती बोंडूच्या खाली. बोंडू म्हणजे ते लाल-पिवळं रसाळ फळ. एक किलो बी मिळवताना बोंडू मात्र कितीतरी किलो निघतात. गोव्यात त्यांची फेणी होते, आणि गोव्याच्या फेणीला 2009 मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं. तेरेखोलची खाडी ओलांडून अलीकडे आलं की दारूबंदीच्या 1949 च्या कायद्याचं राज्य आहे, त्यामुळे शेतकऱ्याला घरी भट्टी लावता येत नाही. त्यामुळे खाडीच्या पलीकडे जे फळ कमाई आहे, ते अलीकडे झाडाखाली कुजतं किंवा गुरांच्या पुढ्यात पडतं. सरबत, सिरप आणि वाइनचे प्रयत्न होत आहेत. पण बोंडू दिवसभरात आंबतो, त्यामुळे तो गोळा करून काही तासांत कारखान्यात पोचवायची सोय लागते. ती सोय उभी राहील तेव्हाच हा अर्धा मेवा कमाईत येईल.

समुद्राची कमाई

मग समुद्राकडून काही येतच नाही का? येतं. मासळी हा किनाऱ्याचा जुना आणि आजही जिवंत धंदा आहे. रापणीची पद्धत पाहायची तर या किनाऱ्यासारखी जागा नाही. किनाऱ्यापासून अर्धगोल जाळं टाकायचं आणि त्याची दोन्ही टोकं माणसांनी वाळूवरून ओढायची. बांगडे, तारली, पेडवे, सौंदाळे, जे सापडेल ते. मग जाळ्याचा, होडीचा आणि ओढणाऱ्या माणसांचा ठरलेला वाटा काढायचा. ही सहकारी पद्धत कुठल्या कायद्यानं आणली नाही. यांत्रिक नौकांनी आणि मोठ्या जाळ्यांनी रापणीचा घास कमी केला, यावरून या किनाऱ्यावर अनेक वर्षं वाद चालू आहेत. पावसाळ्यात 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते. तेवढे दोन महिने तरी मासळीला अंडी घालायला उसंत मिळते.

खाडीत नवं काही सुरू झालं आहे. मांडवीच्या खाडीतल्या कांदळवनात बचत गटाच्या बायका होडीनं पर्यटकांना फिरवतात, झाडांची नावं सांगतात, पक्षी दाखवतात. ज्या खाडीतून कधीकाळी पडाव माल घेऊन यायचे, तिथं आता होडी माणसांना घेऊन फिरते. तालुक्यातल्या वायंगणीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. ती सांभाळणं हीसुद्धा गावाची कमाई झाली आहे.

कचऱ्याची वखार

गेल्या दशकात वेंगुर्ल्याचं नाव राज्यभर झालं ते भलत्याच मालामुळे. नगरपालिकेनं घरोघरी कचऱ्याचं वर्गीकरण सक्तीचं केलं. ओला, सुका आणि त्यातही सुक्याचे वीसहून जास्त प्रकार. ओल्यापासून गॅस आणि खत, प्लास्टिक रस्त्याला, बाकीचं भंगारवाल्याला. जिथं कचऱ्याचा ढीग असायचा तिथं बाग झाली आणि बाहेरगावची माणसं ती बघायला येऊ लागली. डचांच्या वखारीत माल निवडला जायचा, काजूच्या कारखान्यात गर निवडला जातो आणि इथं कचरा. निवडणं ही या गावची जुनी विद्या आहे. तिचा हुशारीनं उपयोग करणारे अधिकारी आणि नागरिक एका काळात एकत्र आले, एवढंच.

कोकण रेल्वे आणि पुढं

26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. तीही वेंगुर्ल्याला आली नाही. कुडाळ आणि सावंतवाडी ही स्थानकं वीस-पंचवीस किलोमीटर आत आहेत. समुद्रकाठची गावं बोटीनं वाढली, आतली गावं रेल्वे आणि महामार्गानं. त्यामुळे तालुक्याच्या बाजाराचं वजन हळूहळू कुडाळ-सावंतवाडीकडे सरकलं. गावानं या वेळी धीर सोडला नाही, कारण मध्ये काजू उभा होता.

पण काजूचीही एक पाठ आहे आणि ती आता फार लांब गेली आहे. भारतात जेवढा काजू पिकतो त्यापेक्षा जास्त इथं फोडला जातो. त्यामुळे कारखाने पश्चिम आफ्रिकेतून आणि टांझानियातून कच्ची बी मागवतात. आयव्हरी कोस्टमध्ये पीक भरघोस आलं की वेंगुर्ल्याच्या शेतकऱ्याच्या बीचा भाव पडतो. व्हिएतनामनं यंत्रं स्वस्त केली की इथल्या कटरवरच्या बाईची मजुरी दबते. बेळगावच्या गाड्या मुरगावकडे वळल्या तेव्हा गावाला जे कळलं होतं, तेच आता पुन्हा कळतं आहे. भाव गावात ठरत नाही, वाट कुठून जाते त्यावर ठरतो. गावाच्या हातात राहतं ते चांगलं निवडण्याचं कसब, आणि ज्या टेकडीवर स्वतःची कलमं आहेत ती टेकडी.

आफ्रिकेहून येणारी ती बी अर्थातच जहाजानं येते. पण ते जहाज वेंगुर्ल्याच्या धक्क्याला लागत नाही. ते मोठ्या बंदरांत रिकामं होतं आणि बी ट्रकमध्ये बसून महामार्गानं, म्हणजे मागच्या दारानं, गावात येते.